दांपत्य-समुपदेशन आणि सत्तेचा प्रश्न : एका स्त्रीवादी आक्षेपाचा इतिहास

पतिपत्नींमध्ये बेबनाव निर्माण झाला, की आपल्या समाजात ते प्रकरण पुष्कळदा वकिलाकडे जाण्यापूर्वी धर्मगुरूकडे किंवा गावच्या धर्मशिक्षकाकडे येते. आपणही ठरावीक रीतीने त्यास सामोरे जातो. दोघांना समोर बसवावे, दोघांचे शांतपणे ऐकून घ्यावे, टाळी एका हाताने वाजत नाही हे दोघांच्या गळी उतरवावे, प्रार्थना करावी आणि त्यांना एकत्र घरी पाठवावे. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिलाही एक इतिहास आहे याचे स्मरण आपणांस राहत नाही. तिचा काही अंश ख्रिस्तसभेच्या जुन्या परंपरेतून आला. बराचसा भाग मात्र विसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत उदयास आलेल्या दांपत्य-समुपदेशनाच्या शास्त्रातून, सेमिनरीतील मेषपालीय समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाद्वारे, आपल्यापर्यंत पोहोचला. १९७८ ते १९९० या बारा-तेरा वर्षांत त्याच व्यवसायातील स्त्रियांनी या रीतीवर गंभीर आक्षेप घेतला. त्या आक्षेपाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या शास्त्राच्या आरंभकाळात धर्मोपदेशकांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. लंडनमध्ये १९३८ साली जी विवाह-मार्गदर्शन समिती स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत हर्बर्ट ग्रे हे प्रेस्बिटेरियन पाळक अग्रभागी होते. आणि युद्धकाळात तिची घडी नव्याने बसविली ती डेव्हिड मेस या मेथडिस्ट पाळकाने. अमेरिकेतील प्रारंभ निराळा. तेथे १९३० साली लॉस एंजेलिस शहरी पॉल पोपेनो याने कौटुंबिक संबंधांविषयीची एक संस्था काढली. हा गृहस्थ मानसशास्त्रज्ञ नव्हता. खजुराच्या लागवडीवर त्याने १९१३ साली ग्रंथ लिहिला होता, आणि नंतर तो सुप्रजननवादाचा कट्टर पुरस्कर्ता झाला. ‘योग्य’ वंशाच्या कुटुंबांनी मोडू नये व भरपूर संतती वाढवावी, ही त्याच्या समुपदेशनामागची मूळ तळमळ होती. १९५३ पासून एका लोकप्रिय महिला-मासिकात त्याच्या संस्थेतील प्रकरणांवर आधारलेले सदर सुरू झाले. आधी पत्नीची बाजू, मग पतीची, आणि शेवटी समुपदेशकाचा निवाडा, अशी त्याची मांडणी असे. दोन्ही बाजूंना समान जागा दिलेली असे. मात्र बदलण्याची जबाबदारी बहुतेक वेळा पत्नीच्या पदरी पडे. विवाह टिकला पाहिजे हे उद्दिष्ट एकदा पक्के झाले, की जी व्यक्ती वाकण्यास अधिक तयार असेल तिलाच वाकविणे सोयीचे ठरते.

पुढील पिढीने हा उपदेशाचा सूर टाकून दिला. ग्रेगरी बेट्सन, डॉन जॅक्सन, जे हेली आणि जॉन वीकलंड यांचा १९५६ चा सुप्रसिद्ध निबंध, आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे वाढलेली विचारसरणी, यांतून ‘कुटुंब म्हणजे एक व्यवस्था’ ही कल्पना रुजली. या दृष्टीने दोष कोणा एकाचा नसतो. पत्नी कटकट करते म्हणून पती घरातून अंग काढून घेतो. पती अंग काढून घेतो म्हणून पत्नी कटकट करते. चक्राला आदि नाही आणि अंतही नाही. समुपदेशकाने कोणाची बाजू न घेता केवळ त्या चक्राची गती बदलावयाची. ही मोठीच प्रगती होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तत्पूर्वीच्या मनोविश्लेषणात मुलाच्या स्किझोफ्रेनियाचे खापरही आईच्या माथी फोडण्याची पद्धत होती. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी अशा आईसाठी एक खास संज्ञाही रूढ केली होती. चक्राच्या सिद्धांताने निदान ही एकतर्फी दोषारोपाची सवय मोडावी, अशी अपेक्षा होती.

अडचण निराळ्याच ठिकाणी होती. बेट्सन यांच्या मते मानवी संबंधांत ‘सत्ता’ अशी काही वस्तूच नाही. ती एक भ्रामक कल्पना आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवणे हेच घातक आहे. हेली यांना ते मान्य नव्हते. कुटुंबात वर्चस्वाची झुंज चालते, हे ते उघड सांगत. परंतु त्यांनी ज्या उतरंडीकडे लक्ष वेधले ती पिढ्यांची होती : आईबाप वर, मुले खाली, आणि ही सीमा पुसली गेली की घर बिघडते. साल्व्हाडोर मिनुचिन यांच्या १९७४ च्या ग्रंथातही भर आहे तो अशाच सीमारेषांवर. पतिपत्नींमध्येही एक उतरंड असते, आणि ती त्या दोघांच्या स्वभावातून न येता कायदा, वेतन, मालमत्ता, रूढी आणि धर्मोपदेश यांतून आलेली असते, याचा विचार या साऱ्या ग्रंथांत जवळपास नाही.

बाहेर मात्र काळ बदलत होता. बेटी फ्रीडन यांचे पुस्तक १९६३ साली आले होते. १९७२ साली जेसी बर्नार्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने असे मांडले, की प्रत्येक विवाहात वस्तुतः दोन विवाह असतात, एक त्याचा आणि एक तिचा. आणि मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने त्याचा विवाह तिच्या विवाहापेक्षा लाभदायक असतो. या निष्कर्षातील आकडेवारी पुढील संशोधकांनी सर्वस्वी मान्य केली नाही, परंतु प्रश्न मात्र कायम राहिला. १९७७ मध्ये मॅरिअॅन वॉल्टर्स, बेटी कार्टर, पेगी पॅप आणि ओल्गा सिल्व्हरस्टीन या चार अनुभवी समुपदेशिका एकत्र आल्या आणि आपण ज्या पद्धती शिकलो व शिकवितो त्या स्त्रियांच्या बाबतीत काय करतात, हे त्यांनी तपासण्यास आरंभ केला. त्यांच्या दहा-अकरा वर्षांच्या कामाचा ग्रंथ १९८८ साली ‘द इन्व्हिजिबल वेब’ या नावाने प्रसिद्ध झाला.

तथापि आक्षेपाला शास्त्रीय रूप प्रथम मिळाले ते १९७८ साली, रेचल हेअर-मस्टिन यांच्या निबंधात. ‘फॅमिली प्रोसेस’ हे त्या व्यवसायाचे प्रमुख नियतकालिक. त्यातच तो छापला गेला. निबंधाचे बळ त्याच्या संयमात आहे. लेखिका घोषणा देत नाही. समुपदेशनाची एकेक रूढ पद्धत घेऊन ती प्रत्यक्षात कशी चालते हे दाखविते. कुटुंबापासून अलिप्त झालेल्या पित्याला पुन्हा आत आणावयाचे म्हणून समुपदेशक त्याच्याशी हातमिळवणी करतो. इतकी वर्षे सारा भार वाहणाऱ्या आईला त्यासाठी बाजूला सारले जाते, आणि तिचीच गणना ‘फार गुंतलेली’ अशी होते. घरातील कामे, पैसा, निर्णय यांची वाटणी हा समुपदेशनाचा विषय आहे असे कोणास वाटतच नाही. ती जणू निसर्गाने ठरवून दिलेली आहे. टॅल्कट पार्सन्स यांनी १९५५ मध्ये पुरुषाची भूमिका बाहेरचे कार्य साधण्याची आणि स्त्रीची भावना सांभाळण्याची, अशी विभागणी केली होती. ते तत्कालीन अमेरिकेतील मध्यमवर्गाचे वर्णन होते, पण समुपदेशकांनी त्याचा निरोगीपणाचा मापदंड केला.

पाठोपाठ १९८५ व १९८८ मध्ये व्हर्जिनिया गोल्डनर यांचे निबंध आले. पिढी आणि लिंगभाव हे कुटुंबाच्या रचनेचे दोन मूलभूत आधार आहेत. आपल्या शास्त्राने पहिल्याचे नियम लिहिले आणि दुसऱ्याला अदृश्य ठेवले, हा त्यांच्या १९८८ च्या निबंधाचा गाभा. समुपदेशनाच्या खोलीतील एक व्यावहारिक सत्यही या स्त्रियांनी उघड केले. मदत मागावयास बहुधा पत्नी येते. पती नाराजीने येतो आणि त्याला टोचणारे काही बोलले गेले तर पुढच्या वेळी येत नाही. म्हणून समुपदेशक नकळत त्याला सांभाळून घेतो आणि जी कोठेही जाणार नाही तिच्यावर बदलाचे ओझे टाकतो. आपल्यापैकी ज्यांनी ही कामे केली आहेत त्यांनी आपल्या आठवणी चाळून पाहाव्यात. मी पाहिल्या, आणि मला त्यात फारसे अपवाद सापडले नाहीत.

हेअर-मस्टिन यांनी १९८७ मध्ये केलेली आणखी एक मांडणी धर्मज्ञानाच्या अभ्यासकांना विशेष विचारात घेण्याजोगी आहे. लिंगभेदासंबंधी विचार करताना माणसे दोन प्रकारे चुकतात, असे त्या म्हणतात. पहिल्या प्रकारात स्त्रीपुरुषांतील भेद अतोनात वाढवून सांगितला जातो. दुसऱ्यात तो अजिबात नाही असे धरले जाते. पहिल्या चुकीत पार्सन्स सापडतात. दुसऱ्या चुकीत चक्राचा सिद्धांत सापडतो, कारण त्याला दोन्ही माणसे सारखीच दिसतात. आपल्याकडे या दोन्ही चुका एकाच प्रवचनात सुखाने नांदतात. प्रारंभी आपण म्हणतो, की स्त्रीचे हृदय त्यागाचे व पुरुषाचे कर्तृत्वाचे; आणि शेवटी म्हणतो, की देवापुढे दोघेही सारखे अपराधी, म्हणून दोघांनी सारखीच क्षमा मागावी. भेदाची आठवण कर्तव्ये वाटताना होते, समानतेची आठवण दोष वाटताना.

चक्राचा सिद्धांत खऱ्या अर्थाने मोडला तो मारहाणीच्या प्रश्नावर. येथे थोडे थांबले पाहिजे. १९८४ साली मिशेल बोग्राड यांनी दाखविले, की पत्नीला होणारी मारहाण ही ‘दांपत्याच्या व्यवहारातील बिघाड’ म्हणून वर्णिली, की वाक्यातून कर्ताच नाहीसा होतो. मारणारा पती उरत नाही, मार खाणारी पत्नी उरत नाही; उरतो तो ‘हिंसक संबंध’. पत्नी बोलली आणि पतीने मारले, या दोन घटना एका साखळीच्या दोन समान कड्या ठरतात. शिवाय दोघांना एकत्र बसवून मोकळेपणाने बोलण्यास सांगणे, हा जो या पद्धतीचा प्राण, तोच येथे धोक्याचा. पत्नी भयाने खरे बोलणार नाही. बोलली तर त्याची किंमत घरी मोजील.

हे वाचले त्याच्या काही वर्षे आधी मी स्वतः हेच केले होते. माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या काळात एक तरुण जोडपे माझ्याकडे आणले गेले. मी दोघांना समोरासमोर बसविले आणि पत्नीला निर्भयपणे बोलण्याचा आग्रह केला. ती बराच वेळ खाली पाहत राहिली, मग थोडे बोलली. पतीने सौम्यपणे मान्य केले, दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली, आणि मी समाधानाने त्यांना निरोप दिला. चार दिवसांनी तिची आई आली. मुलीचा हात प्लॅस्टरमध्ये होता. “फादर, तुमच्यापुढे तिनं तोंड उघडलं, त्याचं हे,” एवढेच ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला अधिक लागले.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डुलुथ हे एक मध्यम आकाराचे बंदर आहे. तेथे १९८१ मध्ये पोलीस, न्यायालय आणि स्त्रियांची आश्रयगृहे यांनी मिळून एक प्रकल्प उभारला. एलन पेन्स या त्याच्या प्रमुख कार्यकर्त्या. १९८४ च्या सुमारास मार खाल्लेल्या स्त्रियांच्या गटांतील चर्चांवरून तेथे एक चाकाची आकृती तयार झाली. चाकाची धाव म्हणजे मारहाण. आणि आतले आठ आरे म्हणजे धमकी, धाक, अपमान, माहेर व मैत्रिणींपासून तोडणे, पैसा हाती न देणे, मुलांचा हत्यारासारखा वापर, पुरुषपणाचा अधिकार गाजविणे, आणि ‘फारसे काही झाले नाही, तुझ्यामुळेच झाले’ असे म्हणणे. चाकाच्या मध्यभागी लिहिले होते सत्ता आणि नियंत्रण. मारहाण म्हणजे रागाचा झटका, ही आपली समजूत ही आकृती खोडून काढते. वरिष्ठांवर किंवा शेजाऱ्यावर न येणारा राग घरातच येतो, याचे उत्तर स्वभावात शोधून मिळत नाही.

येथून स्त्रीवाद्यांमध्येच मतभेद झाला. मारहाण असेल तेथे दांपत्य-समुपदेशन मुळीच करू नये, असे एका पक्षाचे मत. न्यूयॉर्कच्या अॅकरमन इन्स्टिट्यूटमधील गोल्डनर, पेगी पेन, मार्शा शाइनबर्ग व गिलियन वॉकर यांनी १९९० च्या निबंधात निराळी वाट दाखविली. अशा अनेक जोडप्यांत भयाबरोबर प्रेमाचाही बंध असतो. तो नाकारला, तर स्त्री पुनःपुन्हा परत का जाते हे कळत नाही आणि तिला लाजविण्याखेरीज आपण काही करीत नाही. म्हणून पतीचे बालपण, त्याची लज्जा, त्याचे परावलंबन हे सारे समजून घ्यावे. मात्र समजून घेणे म्हणजे दोषमुक्त करणे नव्हे. हात उगारण्याची नैतिक जबाबदारी संपूर्णपणे त्याची, आणि तिची सुरक्षितता ही कोणत्याही संभाषणाची पूर्वअट. पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसास हा भेद अवघड वाटू नये. पाप्याविषयी करुणा आणि पापाच्या कर्तृत्वाविषयी स्पष्टता या दोन गोष्टी एकत्र बाळगण्याचे शिक्षण आपणांस मिळालेले असते. आश्चर्य इतकेच, की घरगुती मारहाणीच्या बाबतीत आपण ते वापरीत नाही.

या चळवळीच्याही मर्यादा होत्या. तिच्या आरंभीच्या लेखनातील स्त्री बहुतांशी गोरी व मध्यमवर्गीय होती. नॅन्सी बॉइड-फ्रँकलिन यांच्या १९८९ च्या ग्रंथाने कृष्णवर्णीय कुटुंबांचा अनुभव पुढे आणला, आणि ज्या समाजाला पोलिसांचाच धाक आहे त्यातील स्त्रीला ‘पोलिसांत जा’ हे सांगणे किती अपुरे आहे, हे पुढील चर्चेत स्पष्ट होत गेले. आपल्या दलित ख्रिस्ती वस्त्यांत काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

ख्रिस्ती वर्तुळात या प्रश्नाची दखल घेणाऱ्यांत मरी फॉर्च्युन या पाळकीण बाईंचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्यांनी १९७७ साली सिअॅटल येथे याच कामासाठी केंद्र काढले आणि १९८७ मध्ये मार खाणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. पश्चात्तापाआधी व न्यायाआधी मागितलेली क्षमा ही क्षमाच नव्हे, या त्यांच्या आग्रहाशी मी सहमत आहे. आपल्या ख्रिस्तसभेचा प्रवास अधिक संथ आहे. पोपेनोची संस्था निघाली त्याच वर्षी, १९३० मध्ये, अकरावे पायस यांच्या ‘कास्ती कोन्नुबी’ या विश्वपत्राने पतीचे मस्तकत्व आणि पत्नीची अधीनता यांचा पुनरुच्चार केला, अर्थात तिच्या मानवी प्रतिष्ठेची मर्यादा घालून. १९८८ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी ‘मुलिएरिस दिग्नितातेम’मध्ये इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचा अर्थ लावताना ही अधीनता परस्परांची आहे, एकतर्फी नव्हे, असे स्पष्ट केले. २०१६ साली फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये काही परिस्थितीत विभक्त होणे नैतिक दृष्ट्या आवश्यक ठरते, हे मान्य केले. धर्मसंहितेत तर ही वाट पूर्वीपासून होती : जोडीदाराच्या आत्म्यास वा शरीरास गंभीर धोका असल्यास विभक्त राहता येते, असे १९८३ च्या संहितेचा ११५३ वा नियम सांगतो आणि त्याआधीच्या संहितेतही तशी तरतूद होती. विवाहाच्या तयारीच्या वर्गात हा नियम सांगितलेला मी क्वचितच ऐकला आहे.

हे सारे पाश्चात्यांचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांना रखमाबाईंच्या खटल्याची आठवण करून द्यावीशी वाटते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी दादाजी भिकाजी यांच्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळताना म्हटले, की नांदविण्याचा हा दावा मूळचा हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो इंग्लंडहून आणलेला आहे. इंग्लंडमध्ये तो कोठून आला होता? चर्चच्या न्यायालयांतून. १८५७ पर्यंत तेथे विवाहाचे खटले तीच न्यायालये चालवीत. अपिलात पिन्ही यांचा निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये रखमाबाईंपुढे पतीचे घर किंवा सहा महिन्यांचा तुरुंगवास असा पर्याय आला. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे डॉक्टर होऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे सेवा केली. ज्या इंग्लंडने हा दावा दिला तेथे तो १९७० साली रद्द झाला. आपल्याकडे १९८३ मध्ये हैदराबाद येथील आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने उलट निर्णय दिला. ख्रिस्ती लोकांचा १८६९ चा घटस्फोट कायदाही त्याच वाणाचा : पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे, पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ साली दूर झाली.

आणि १९८० च्या दशकातील त्या आक्षेपाशी जुळणारा विचार आता आपल्या कायद्यातही आढळतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २००६ मध्ये अमलात आला. त्याच्या नियमावलीतील चौदावा नियम समुपदेशकासाठी आहे. हिंसा पुन्हा होणार नाही अशी हमी प्रथम घ्यावी, आणि हिंसेचे समर्थन करणारे कोणतेही कारण प्रतिपक्षाला समुपदेशनात मांडू देऊ नये, हे त्याला आरंभीच सांगावे, असे तो म्हणतो.

धर्मशिक्षकांच्या एका बैठकीत मी हा नियम वाचून दाखविला. एक वयोवृद्ध धर्मशिक्षक उभे राहिले. त्यांनी चाळीस वर्षांत कितीतरी संसार सांधले आहेत. “मग फादर, नवऱ्याची बाजू ऐकायचीच नाही का?” असे त्यांनी विचारले. ऐकावयाची, मी म्हणालो. पण वेगळी, तिचे आधी ऐकून झाल्यावर, आणि हात का उचलला याचे कारण म्हणून नव्हे. त्यांचे समाधान झाले नाही. जेवणाची घंटा झाली तरी आमचा वाद चालूच होता, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो पहिला विषय म्हणून घातला आहे.